म्हैसासुर आपणहून पडतो त्याबद्दल

चि. किशोर यास,

डोळखांबच्या पुढल्या आपल्या पाड्यावरून ज्ञानेश्वरदादाचा आशीर्वाद पोचावा. तुझी, सारिकाची आणि मुलांची प्रकृती उत्तम असेल असे धरून चालतो. इकडे सर्व ठीक, म्हणजे आबांचा गुडघा, तुझ्या संजीवनीवहिनीचे पित्त आणि माझा स्वभाव हे तिन्ही जसेच्या तसे आहेत. फोन सोडून पत्र का, असे तुला वाटेल. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि मेसेज केला की हात जोडल्याचे चित्र पाठवतोस. पत्राला चित्र पाठवता येत नाही. शिवाय आपले बाप सख्खे भाऊ, तेव्हा चार ओळी कडक लिहिण्याचा मला हक्क आहे, आणि कडक लिहायचे तर ते कागदावरच बरे दिसते.

काम आधीच सांगून टाकतो. तुझ्या चिंचवडच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर, वरून छोट्या दिव्याचा उजेड सोडून जो सागवानी मुखवटा तू लावला आहेस (आणि पाहुण्यांना ज्याची ओळख 'आमच्याकडचा एक पीस' अशी करून देतोस), तो आपल्या घराण्याच्या मानाचा देवीचा मुखवटा आहे. तो बारा वर्षांपूर्वी गावातून तुझ्या गाडीने गेला. मुखवट्यांची सोंगे रात्र-रात्र नाचतात तो आपला बोहाडा यंदा चैत्री पुनवेनंतरच्या आठवड्यात आहे, आणि त्याआधी तो घरी आला पाहिजे. माझे वडील म्हणून सांगत नाही, पण आबा त्र्याऐंशीचे झाले. गेल्या पावसाळ्यात दोनदा वाटले की आता आटपले. बारा वर्षे बोहाड्यात काय होते ते तुला ठाऊक नसेल, कारण तू येत नाहीस. शेवटच्या पहाटे साईनाथ म्हैसासुराचे सोंग घेऊन येतो, तो नाचतो, अंगणभर धूळ उडवतो, देवीचा नंबर पुकारला जातो, मुरबाडकडचे संबळवाले देवीची चाल वाजवतात आणि अंगणात कोणीच येत नाही. मोकळ्या जागेभोवती मशालवाले फिरतात. मग साईनाथ थोडा वेळ वाट बघतो, इकडेतिकडे पाहतो, आणि आपणहून पडतो. बारा वर्षे म्हैसासुर आपणहून पडतो आहे. आबा दरवर्षी ओटीवर खुर्ची टाकून हे बघतात. त्यांना एकदा तो देवीच्या हातून पडलेला बघून जायचे आहे, एवढीच त्यांची मागणी आहे, आणि तीही त्यांनी तोंडाने केलेली नाही.

आता हे मला बारा वर्षांनी का सुचले, तर त्याला बेनिन देशातली एक बाई कारण झाली. बेनिन हा पश्चिम आफ्रिकेतला देश (नकाशात नायजेरियाच्या डाव्या अंगाला अंग चोरून उभा आहे, मीही नकाशा काढूनच पाहिला). बाईंचे नाव सेनामी. जुन्या होड्यांच्या लाकडातून त्या मुखवटे कोरतात, त्यांची प्रदर्शने देशोदेशी लागतात, आणि असेच एक मुंबईत लागले असताना आपली मनस्वी, जी तिथे कला महाविद्यालयात शिकते, तिने त्यांना सांगितले की आमच्या गावातही मुखवटे नाचतात. बाई म्हणाल्या, मग मी येते. मनस्वीची परीक्षा चालू होती, म्हणून तिने बाईंना आटगावच्या गाडीत बसवून दिले आणि मला फोन केला की बाबा, तुम्ही इंग्रजीचे मास्तर होता, दोन दिवस सांभाळा, मी शनिवारी येतेच.

किशोर, मी एकतीस वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकवले. कर्तरीचे कर्मणी आणि कर्मणीचे कर्तरी करून दोन पिढ्या पार केल्या. पण या काळात माझ्याशी इंग्रजीत कोणी बोलले नव्हते. आटगाव स्टेशनावर सेनामीबाई उतरल्या, हसून हात पुढे केला, आणि मला चहा घेणार का एवढे विचारायला कपाळावर घाम आला. सुदैवाने त्यांची भाषा फ्रेंच, इंग्रजी त्याही जपून बोलत. दोघेही एकमेकांच्या चुकांना मान देत आम्ही घरी पोचलो.

गावाने त्यांचे नीट स्वागत केले, पण गावाच्या पद्धतीने. माजी सरपंच बारकू सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून हजर. त्याने विचारले की तुमच्याकडे सिंह दारात येतात का. बाईंनी विचारले, तुम्ही लहानपणी वाघावर बसून शाळेत जात होता का. बारकूला ते पटले, निदान त्याने सिंहाचा विषय सोडला. मग त्याने राजकारण काढले, कारण ते काढल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. बाईंनी सांगितले की त्यांच्या देशात काही वर्षांपूर्वी एका निवडणुकीत मतपत्रिकेवर विरोधी पक्षाचे नावच नव्हते. बारकूचा चेहरा उजळला. म्हणाला, "म्हंजी बिनविरोध. आमचीबी ग्रामपंचायत दोनदा बिनविरोध काडली, लोकांनी सत्कार केला." मी भाषांतर केले. बाई म्हणाल्या की त्या दिवशी देशातले इंटरनेटही बंद होते, आणि त्यांचा भाऊ मतदानाला गेला नाही, घरी दार लावून बसला. सत्कार कोणाचा झाला ते त्यांना माहीत नाही. हे मी जसेच्या तसे सांगितले. बारकूने शर्टाची बाही सरळ केली. मग म्हणाला की आपल्याकडे तसे नाही, आपल्याकडे कोंडिराम फॉर्म भरणार होता, त्याला फक्त समजावले. हे भाषांतर मी केले नाही.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे माणसे जमली तेव्हा बाईंनी त्यांच्या आजोळची गोष्ट सांगितली. तिकडे गेलेदे म्हणून सोहळा असतो. त्यात पुरुष बायकांचे मुखवटे डोक्यावर घेऊन, बायकांची वस्त्रे नेसून नाचतात, का तर गावातल्या आया आणि म्हाताऱ्या प्रसन्न राहाव्यात, त्या रागावल्या तर गावाचे काही खरे नाही. (हे ऐकून सोमी म्हातारी म्हणाली, "बगा, शाणी मानसं सगळीकडं असत्यात.") तर बाईंच्या पणजोबांनी कोरलेला एक मुखवटा फार वर्षांपूर्वी कोणा साहेबाने नेला. विकत नेला, मागून नेला की उचलून नेला, याबद्दल घरात तीन मते आहेत. शिकायला युरोपात असताना बाईंनी आईला तिकडे बोलावले, दोघी एका वस्तुसंग्रहालयात गेल्या, आणि आई एका काचेपुढे थांबली ती हलेना. आत तो होता. खाली पाटी होती: लाकूड, रंग, कलावंत अज्ञात. आईला त्या अज्ञाताचे नाव माहीत होते, तो तिचा आजोबा. ती नाव सांगू लागली, हात काचेला लागला, तर पहारेकरी आला आणि म्हणाला, रेषेच्या मागे उभ्या राहा.

हे सांगताना बाईंचा आवाज चढला नाही. पण देवळापुढे मागे बसलेली माणसे सरकून पुढे आली. पुढे त्या म्हणाल्या की मध्यंतरी फ्रान्सने त्यांच्या जुन्या राजवाड्यातून नेलेल्या सव्वीस वस्तू परत केल्या, त्या राष्ट्रपतींच्या वाड्यात मांडल्या होत्या, आई नि त्या दोघी तासन्तास रांगेत उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या बायका राजाच्या सिंहासनापुढे वाकत होत्या आणि त्याच्याशी बोलत होत्या. पणजोबांचा मुखवटा मात्र अजून तिकडेच आहे, यादीत आहे म्हणतात.

गाव पेटले. तू आपल्या गावाला ओळखतोस, शेजारच्या पाड्याला पाणी द्यायचे तर सात बैठका लागतात, पण परक्यावर अन्याय झाला म्हटले की तासात ठराव. तासातच ठराव झाला. बारकू सूचक, साईनाथ अनुमोदक, आणि भाषा माझी, कारण गावात ठरावाची भाषा मलाच येते. मी लिहिले, 'जी वस्तू ज्या गावाची ती त्या गावास परत मिळावी, ठेवणाऱ्याने ती कितीही नीट ठेवली असली, तिच्यावर दिवा सोडला असला, तरीही.' दिव्याचे कलम कोणी सुचवले नव्हते. ते हातातून आपोआप उतरले, आणि मला तुझा हॉल दिसला. मी वाचून दाखवले, टाळ्या पडल्या, आणि तेवढ्यात सोमी म्हातारी उसासा टाकून म्हणाली, "त्यांचा काचंत तरी हाय. आपल्या देवीला तं वाळवीनं खाल्लं." सगळे माझ्याकडे फार मायेने बघू लागले. साईनाथने तर पाठीवर हात ठेवला. तो हात बारा वर्षे आपणहून पडणाऱ्या माणसाचा होता, आणि मला तो सहन झाला नाही.

कारण, तू हे विसरला असशील, तू मुखवटा नेलास त्यानंतर मी घरात आणि गावात सांगितले होते की तो वाळवीने खाल्ला. आबांनी उरलेसुरले मागितले. मी पडवीतला मोडका नांगर फोडून त्याचे तुकडे लाल फडक्यात बांधून दिले. आबांनी ते गाठोडे छातीशी धरून नदीवर नेले, पाण्यात सोडले, डोके भादरून आले आणि दहा दिवस गोड खाल्ले नाही. नांगरासाठी सुतक पाळणारा आपल्या तालुक्यात दुसरा कोणी नसेल. ते भादरून आले तेव्हा मी जेवत होतो, ताट संपवून उठलो. पुढे लोक म्हणाले नवा करून घ्या, मुरबाडला एक जण करून देतो. आबा एवढेच म्हणाले, "नवा नको." आणि भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीला रोज सकाळी एक फूल वाहायचे, ते त्यांनी कधी चुकवले नाही.

ते फूल सेनामीबाईंनी दुसऱ्या दिवशी पाहिले. संजीवनीबरोबर त्या चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत होत्या (भाषेवाचून त्या दोघींचे जे उत्तम चालले होते ते पाहून मला माझ्या नोकरीबद्दल शंका आली), तिथून उठून त्या ओटीवर आल्या आणि खुंटीपुढे उभ्या राहिल्या. विचारले, इथे कोण असते? मी आबांना सांगितले. आबांनी सगळे सांगितले, देवी, मान, वाळवी, नदी. मी इंग्रजी केले. बाईंनी विचारले, लाकूड कसले होते? आबा म्हणाले, जुना साग, माझ्या आज्यानं झाड निवडलं. बाई कोरीवकाम करणाऱ्या, त्यांनी भुवया वर केल्या आणि म्हणाल्या की शंभर वर्षांचा पिकला साग वाळवी सहसा खात नाही. आणि त्या माझ्याकडे बघत थांबल्या, भाषांतरासाठी.

आता मला सांग, या जागी तू काय केले असतेस? मी आबांना म्हणालो, त्या म्हणतात त्यांच्याकडेही वाळवीचा फार त्रास आहे. आबांनी मान हलवली. म्हणाले, त्यांना इचार, त्या काय उपाय करत्यात. मी बाईंना विचारले की तुम्हाला नाचणी आवडली का. त्या म्हणाल्या फार आवडली. मी आबांना सांगितले, राखेचे पाणी मारतात. असे दोन दिवस चालले. बाई सागाबद्दल विचारत, आबा बाईंच्या पणजोबांबद्दल विचारत, आणि मध्ये बसून मी वाळवीवर बोलत होतो. दोन शहाणी माणसे एकमेकांना काही सांगू पाहत होती आणि त्यांच्यामध्ये एकच पूल होता, तो मी होतो, नि पूल खोटा होता. शुक्रवारी रात्री मला जेवण गेले नाही. संजीवनी म्हणाली पित्त झाले असेल, तिला दुसरा आजारच माहीत नाही.

शनिवारी दुपारी मनस्वी आली. हातपाय धुऊन ओटीवर बसली, बाईंनी पुन्हा तोच सागाचा प्रश्न काढला, आणि मी तोंड उघडण्याआधी पोरीने आजोबांना सरळ मराठीत सांगितले, आजा, त्या म्हणतात पिकलेल्या सागाला वाळवी लागत नाही, तर नक्की काय झालं? ओटीवर आम्ही चौघे होतो. मी चटईच्या काड्या मोजत होतो. आबांनी चंची उघडली, पान काढले, पुन्हा ठेवले, आणि म्हणाले, "मला ठावं हाय ते." नंतर ते आणखी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पत्र सारिकाच्या हाती पडेल, आणि थोरला दीर म्हणून माझी काही किंमत तिच्या मनात असेल तर ती राहू दे.

सेनामीबाई रविवारी गेल्या. आटगावला गाडीला वेळ होता, बाकावर मी, त्या आणि मनस्वी. मी त्यांना म्हणालो (माझ्याच इंग्रजीत, आणि या खेपेला घाम न येता) की तुमच्या पणजोबांचा मुखवटा नक्की परत येईल. त्या म्हणाल्या, येईल, मला त्याची भीती नाही. भीती दुसरीच आहे. तो मुखवटा घालून कसे नाचायचे हे माहीत असलेली त्यांच्या आजोळी दोनच म्हातारी माणसे उरली आहेत. तिकडचे लोक लाकूड परत पाठवतील, पण ते परत घ्यायला कोणाचे डोके असेल? मग त्यांनी मला विचारले, तुमच्या गावात ती देवी नाचायची मनापासून इच्छा कोणाला आहे? मला उत्तर लगेच सुचले, पण तेवढ्यात गाडी आली आणि ते सांगायचे राहिले. गाडी गेल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. वाईट वाटत होते, किशोर. आपल्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाने बारा वर्षे रिकामी खुंटी पुजली, याचे वाईट वाटणे साधे नसते.

तेव्हा वस्तुसंग्रहालयासारखा वागू नकोस. काचेत ठेवला नाहीस, मान्य, पण दिवा सोडलास. ग्रामसभेचा ठराव तुलाही लागू आहे असे समज. देवीचा मुखवटा डिकीत टाकून आणू नये, पुढच्या सीटवर, मऊ कापडात, तोंड वर करून आणावा. वाशिंदपाशी रस्त्याचे काम चालू आहे, तिथे गाडी हळू घ्यावी. सारिकाला व मुलांना आशीर्वाद. संजीवनीने तुझ्यासाठी नाचणीचे पापड करून ठेवले आहेत, ते माणसाबरोबर पाठवणार नाही, येऊनच न्यावे.

तुझा,
ज्ञानेश्वरदादा

ता. क. पत्र वाचून पाहिले. तुझ्या गाडीने गेला, तू नेलास, असे मी वर दोनदा लिहिले आहे. मनस्वीने ते वाचले आणि ती म्हणाली, बाबा, हे पाठवलेत तर मी आजोबांना सांगेन. तेव्हा लिहितो. तू मुखवटा मागितला नव्हतास. तुझ्या नव्या गाडीच्या मागच्या सीटखाली टॉवेलात गुंडाळून तो मीच ठेवला. तू पुण्याला पोचून फोन केलास, दादा, गाडीत हे काय आलं? मी म्हणालो, इथे वाळवी आहे, तुझ्याकडे असू दे. त्या वर्षी आबांचा गुडघा गेला होता आणि मान माझ्याकडे आला होता. देवी मी नाचायची होती. नववी-दहावीची मुले बघायला येणार, त्यांच्यासमोर इंग्रजीचा मास्तर नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून संबळावर नाचणार, याची मला लाज वाटली. दुसरे काही कारण नव्हते. आणि ओटीवर आबा जे बोलले ते हे: "लेकाला नाचायची लाज वाटं. गावाला काय सांगू? वाळवीवर घातलं ते बरं झालं, म्हनून मी डोकं भादरलं." ते पहिल्या दिवसापासून जाणत होते. मनस्वीने ते बाईंना इंग्रजीत सांगितले, तेव्हा बाई उठून आबांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि निघेपर्यंत तिथेच बसत राहिल्या.

ता. क. २. खरे काम असे, की नुसता मुखवटा पाठवू नकोस. तू ये. आटगावच्या बाकावर मला जे उत्तर सुचले होते ते तू होतास. लहानपणी आबा खळ्यात पावले टाकायचे तेव्हा मी माडीवर पुस्तक घेऊन बसायचो, आणि तू त्यांच्या मागे मागे सुपाचा मुखवटा करून नाचायचास. तुला सगळी पावले येतात. मान थोरल्या पातीचा, म्हणजे आमच्या शाखेचा, म्हणून धाकट्या पातीतल्या तुला कधी कोणी घालू दिला नाही, आणि तू नोकरीला निघून गेलास, नंतर येणेही सोडलेस. त्या वेळी टॉवेल तुझ्याच गाडीत गेला, दुसऱ्या कोणाच्या नाही, तो काही मी विचार करून ठेवला नव्हता, पण आता वाटते की हाताला ठाऊक असावे. यंदा देवी तू नाच. गावाला काय वाटेल ते मी बघतो. ठरावाची भाषा मलाच येते. आबांना विचारले आहे.

ता. क. ३. आबा ओटीवरून सांगताहेत ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "किशोरला लिव, साती दिस उपास धर. दाडी गुळगुळीत करून ये, नायतं आतून खरबडतं. आत दम कोंडतो, तवा तोंड उघडं ठेवायचं, नाकानं वारा घ्यायचा नाय. दोन डोळ्यांनी काय दिसत नाय, डाव्या डोळ्याच्या भोकातनं बगायचं, म्हंजी पाय चुकत नाय. आन् आलास का आदी माज्याकडं ये, मंग देवळात." हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. मी कधी विचारलेच नव्हते.